सांगलीचे घड्याळ, हॉलंडचा सूर्य

सांगलीत वर्षातील सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तासांचा आणि सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा असतो. हा दोन तासांचा फरक इतक्या सावकाश येतो-जातो की पेठेतील माणसाला तो जाणवतही नाही. ज्येष्ठात सूर्य सातनंतर मावळतो, मार्गशीर्षात सहाच्या सुमारास. गणपती पेठेतील दुकानदार सायंकाळी गल्ल्यावर मुलाला किंवा मुनीमाला बसवून घरी जाऊन जेवून येतो. त्याची ही वेळ वर्षभरात फार तर तासाभराने पुढे-मागे होते. साताऱ्यात मोती चौकातील दुकानांचीही हीच रीत. सूर्यास्तापूर्वीचे भोजन हे व्रत खरे. पण कृष्णाकाठच्या जैन घरांत ते इतके अंगवळणी पडले आहे की त्यासाठी कोणी पंचांग उघडत नाही. सासूबाई खिडकीतून एकदा पश्चिमेकडे पाहतात आणि ताटे वाढायला घेतात.

हेच घर नेदरलँडमध्ये गेले की पहिला प्रश्न उभा राहतो तो सूर्याचा. सांगली सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, ॲमस्टरडॅम ५२ अंशांच्याही वर. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तेथे सूर्य पहाटे सव्वापाचनंतर उगवतो आणि रात्री दहा वाजून गेल्यावर मावळतो. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तो सकाळी पावणेनऊच्या पुढे दर्शन देतो आणि दुपारी साडेचारला नाहीसा होतो. तेही ढग नसतील तर. एकाच गावात एक दिवस पावणेसतरा तासांचा आणि एक दिवस पावणेआठ तासांचाही नाही. ज्या व्रताला येथे कधी घड्याळ लागले नाही, त्याच्यासाठी तेथे रोज भ्रमणध्वनीवर सूर्यास्ताची वेळ पाहावी लागते.

गेल्या काही वर्षांत सातारा, कराड, सांगली, मिरज या भागांतील व्यापारी घरांतील अनेक मुले-मुली नोकरीनिमित्त त्या देशात गेली. त्यांतील बरीच संगणकाच्या क्षेत्रात आहेत. ॲमस्टरडॅमला लागून असलेल्या आम्स्टेलवेन गावात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती झाली आहे. आइंडहोवन आणि हेग येथेही आहे. आजोबांनी हळदीची अडत केली, वडिलांनी कापडाचे दुकान सांभाळले आणि नातू पाठीवर पिशवी अडकवून सायकलीने कचेरीत जातो, असे चित्र आता नवलाचे राहिलेले नाही. नेदरलँडमध्ये माणसांपेक्षा सायकली अधिक आहेत. पावसातही सायकल, सुटाबुटातही सायकल आणि पुढे लाकडी पेटी जोडून तीत दोन मुले बसवलेली मातेची सायकलही. जुन्या सांगलीत ज्यांनी सायकलींचे दिवस पाहिले, त्या पिढीला हे दृश्य परके वाटत नाही.

हिवाळ्याची परीक्षा नोकरदाराची. नवकारशी म्हणजे सूर्योदयानंतर ४८ मिनिटे. डिसेंबरात ती वेळ साडेनऊच्या पुढे जाते, तेव्हा तो कचेरीत पोहोचलेला असतो. सूर्यास्त होतो तेव्हाही तो कचेरीतच असतो. ज्याला व्रत सोडायचे नाही, तो दोन डबे नेतो. एक दुपारचा आणि एक पावणेचारचा. साडेतीन-पावणेचारला टेबलापाशी कोणी पोळी-भाजी काढून बसला तर डच सहकारी एकदा कारण विचारतो आणि पुढे कधीच विचारत नाही. त्या देशातला हा एक चांगला गुण म्हणावा लागेल. ज्याला चौविहार जमत नाही तो तिविहार करतो, म्हणजे सूर्यास्तानंतर पाणी तेवढे घेतो. काही जण रविवारपुरते व्रत पाळतात, काही जण पर्वतिथीपुरते. प्रवासात, परदेशात आणि पोटाच्या उद्योगात व्रताचे असे कमी-अधिक होते. व्रत कमी घ्यावे पण घेतलेले पुरते पाळावे, ही जुन्या लोकांची शिकवण येथे उपयोगी पडते.

यात एक गंमत आहे. युरोपात दक्षिणेकडचे लोक रात्री नऊ-दहाला जेवतात. डच मात्र सायंकाळी सहाला जेवायला बसतात. सहा म्हणजे सहा. त्या वेळी कोणाच्या दारावरची घंटा वाजवणे असभ्य मानतात. मार्चअखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत सहाला सूर्य चांगला वर असतो. म्हणजे वर्षातील सहा-सात महिने सामान्य डच गृहस्थ व्रताचे नावही न घेता सूर्यास्तापूर्वीच जेवून मोकळा होतो. शेजारच्या बाईने 'तुम्ही लवकर जेवता' असे आश्चर्याने म्हणण्याचा प्रसंग मुंबई-पुण्याच्या इमारतीत येईल, आम्स्टेलवेनमध्ये फारसा येत नाही.

सांगलीहून आई-वडील येतात ते बहुधा एप्रिलात. अल्पमुदतीच्या व्हिसावर ९० दिवस राहता येते. ते ट्युलिपच्या दिवसांत सुरू करून आषाढाच्या आधी संपवायचे, असा हिशेब असतो. सामानात बिनलसणाचे भडंग असते, खाखरे असतात, घरची हळद आणि मेतकूट असते. साताऱ्याचे कंदी पेढे मात्र मागे ठेवावे लागतात. नावात कंद असला तरी त्याला जैन घरात कोणाची हरकत नाही, हरकत आहे ती युरोपीय संघाच्या नियमाची. बाहेरच्या देशांतून दुधाचे पदार्थ प्रवाशाने बरोबर आणण्यास तेथे बंदी आहे. घरात पाऊल टाकल्यावर सासूबाईंचे पहिले काम म्हणजे स्वयंपाकघरातील नळाला स्वच्छ फडके बांधणे. तेथील नळाचे पाणी तसेच पिता येते, हे सून समजावून सांगते. सासूबाई ऐकून घेतात आणि फडके बांधतात.

ट्युलिपची बाग पाहायची ती लिसे गावाजवळची, कॉयकनहोफ. १९५० साली ती लोकांसाठी खुली झाली. ३२ हेक्टरच्या या बागेत दर शरद ऋतूत सुमारे ७० लाख कंद हाताने लावतात आणि मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत, अवघे आठ आठवडे, ती उघडी असते. रंगांचे पट्टे आखून दिल्यासारखे. एक रोप दुसऱ्याच्या रांगेत नाही. सातारकराला हे पाहताना कासचे पठार आठवल्यावाचून राहत नाही. साताऱ्याच्या पश्चिमेस सुमारे २५ किलोमीटरवरचे ते पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेले. तेथे कोणी काही लावत नाही. जांभ्या खडकावर बोटभर माती, तीत श्रावण-भाद्रपदात गेंद, सोनकी, तेरडा, सीतेची आसवे असे थर एकामागून एक येतात, आठवड्याला रंग बदलतात. कारवी तर सात वर्षांनी एकदा फुलते. कॉयकनहोफमध्ये माणसाने फुलांना वेळ नेमून दिली आहे, कासला फुले माणसाला वेळ नेमून देतात. गर्दीचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. कासला आता आधी नोंदणी करून, शुल्क भरून जावे लागते, आणि ते योग्यच झाले. फुलांत लोळून छायाचित्र काढणाऱ्यांपुढे पठाराचा निभाव लागला नसता.

कास या शब्दाचीही मौज आहे. डच भाषेत 'कास' म्हणजे चीज. आल्कमार गावी उन्हाळ्यात दर शुक्रवारी चीजचा जुना बाजार भरतो, पांढऱ्या पोशाखातील हमाल लाकडी पाळण्यांवर चीजचे पिवळे गोळे वाहून नेतात. तो पाहायला गेलेल्या सातारकराला दुकानादुकानावर 'कास' अशी पाटी दिसते आणि हसू येते. पण खाण्याआधी चौकशी करावी लागते. पारंपरिक डच चीज गोठवण्यासाठी वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात. त्यामुळे ते शाकाहारी म्हणता येत नाही. सूक्ष्मजीवांपासून केलेले द्रव्य वापरलेले चीजही मिळते, वेष्टनावर तसे लिहिलेले असते. म्हणूनच त्या देशात गेलेल्या श्राविकेला जे डच शब्द सर्वांत आधी पाठ होतात, त्यांत नमस्कार-आभाराच्या बरोबरीने 'जठरद्रव्य', 'जिलेटिन' आणि 'अंडे' हे असतात.

ट्युलिपच्या शेतांत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे, आणि व्यापाऱ्याच्या नजरेला ती लगेच कळते. फुले ऐन बहरात आली की यंत्र फिरते आणि सगळी मुंडकी छाटून टाकते. पाहुणे हळहळतात. शेतकऱ्याचा माल फूल नव्हे. त्याचा माल जमिनीखाली आहे. फूल छाटले की सगळे पोषण कंदाकडे वळते, कंद मोठा होतो, आणि त्याची विक्री जगभर होते. जमिनीतल्या या मालावर १६३७ साली त्या देशाने मोठा धडा घेतला. हिवाळ्यात कंद मातीत असतानाच हार्लेमच्या खानावळींतून त्यांचे कागदोपत्री सौदे होत. माल कोणी पाहिलेला नसे, पैसे कोणी मोजलेले नसत, आणि भाव मात्र दिवसागणिक चढत होता. फेब्रुवारीत एके दिवशी खरेदीदार पुढे आला नाही आणि सारा डोलारा कोसळला. डच लोक अशा व्यवहाराला 'वाऱ्याचा व्यापार' म्हणत. सांगलीच्या हळद बाजाराला हे सांगण्याची गरज नाही. तेथे वायदेबाजार दीर्घकाळ चालला. त्यात वर आलेली घरेही लोकांना ठाऊक आहेत आणि दिवे मालवलेलीही.

हळदही जमिनीखालचीच. ओली हळद कंदमुळात मोडते म्हणून वर्ज्य, वाळलेली हळद चालते. आल्याचे आणि सुंठेचेही तसेच. माघ-फाल्गुनात हळद काढायची, शिजवायची, वाळवायची, घासून चकाकी आणायची आणि वसंतदादा मार्केट यार्डात सौद्याला आणायची, असा हा क्रम. पूर्वी तो माल साठवायला हरिपूरची पेवे होती. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या गावात घट्ट मातीत खोल खणलेल्या, वर अरुंद तोंडाच्या या भुयारी कोठारांत हळद वर्षानुवर्षे कीड न लागता राहत असे. आत प्राणवायू नसल्याने पेव उघडल्यावर लगेच कोणी खाली उतरत नसे. पेवावर पावती लिहिली जाई आणि पावतीवर कर्ज मिळे. येथे आणि हार्लेमला फरक इतकाच की हरिपूरच्या कागदाखाली खरोखरच हळद होती.

२००५च्या महापुरात या पेवांत पाणी शिरले आणि तो व्यवहार मोडला.

सौद्याची रीतही उलट-सुलट. आल्समेर येथील फुलांचा बाजार जगातील सर्वांत मोठ्या इमारतींपैकी एकीत भरतो. तेथे भिंतीवर मोठी घड्याळासारखी तबकडी असते. भाव वरून सुरू होतो आणि झपाट्याने खाली येतो. जो पहिल्यांदा कळ दाबतो त्याचा माल. एक क्षण आधी दाबली तर जास्त पैसे गेले, एक क्षण उशीर झाला तर मालच गेला. ही पद्धत मुळात भाजीची. १८८७ साली ब्रूक ऑप लांगेडाइक या गावी भाजीच्या नावा उभ्या असताना ती सुरू झाली, असे सांगतात. आता बहुतेक खरेदीदार घरी बसूनच कळ दाबतात. यार्डात आयुष्य घालवलेला अडत्या हे पाहून थोडा वेळ गप्प होतो. त्याच्या बाजारात भाव खालून वर जातो, शेतकरी ढिगाशेजारी उभा असतो आणि त्याचा चेहरा पाहून शेवटचे पन्नास रुपये वाढतात. जुन्या पेठांतून रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरत, तेव्हाही हाताला हात लागत होता. डच तबकडी वेगवान आहे, तिच्यात लबाडीला जागा कमी आहे, हे मान्य करावे लागते. चेहरा मात्र तीत नाही.

२७ एप्रिल हा तेथील राजाचा वाढदिवस. २०१३पर्यंत तो राणीच्या नावाने ३० एप्रिलला होत असे. त्या दिवशी सारा देश नारिंगी कपडे घालतो आणि रस्त्यावर दुकान मांडतो. परवाना लागत नाही. मुले पदपथावर चादर पसरून आपली जुनी खेळणी, पुस्तके, लहान झालेले बूट मांडतात आणि भाव सांगतात. सांगलीच्या आजोबांना हा सण सर्वांत अधिक पटतो. नातू एक लाकडी आगगाडी दोन युरोला विकायला बसलेला असतो. आजोबा शेजारी खुर्ची टाकून बसतात, पहिले गिऱ्हाईक परत पाठवू नये, बोहनीला थोडे सोडावे, सुटे पैसे आधी काढून ठेवावेत, हे हळूच सांगतात. नातवाला अर्धे मराठी कळते; बोहनी मात्र पूर्ण कळते. याच सुमारास अक्षय तृतीया येते. भगवान ऋषभदेवांना श्रेयांस राजाने उसाचा रस दिला तो हा दिवस. कराड-सांगलीच्या रस्त्यावर चरकाच्या घुंगरांचा आवाज कानी पडतो; तेथे गुळाच्या पाण्यावर भागवावे लागते. भाजीचे तरी बरे आहे. हेगच्या बाजारात सुरीनामी हिंदुस्थानी दुकानदारांकडे भेंडी, कारली, दुधी, गवार मिळते. त्यांचे पूर्वज १८७३ पासून बिहार-उत्तर प्रदेशातून मळ्यांवरच्या मजुरीसाठी सुरीनामला नेले गेले आणि १९७५च्या सुमारास त्यांतील फार मोठा समुदाय नेदरलँडला आला. दुधी निवडताना त्यांच्याशी मोडक्या हिंदीत चार वाक्ये होतात आणि सासूबाईंचा दिवस चांगला जातो.

मे-जूनमध्ये त्यांच्यापुढे चमत्कारिक पेच उभा राहतो. सूर्य दहाला मावळतो, तर जेवण कधी करायचे? नियमाने साडेनऊलाही जेवता येते. सून हसून म्हणते, 'आई, इथे तर तुम्हाला रात्री नऊला आइस्क्रीमसुद्धा चालेल.' पण देह सांगलीचा. सासूबाई सहाला जेवून घेतात, पुढचे चार तास उजेडात सामायिक करतात, आणि पडदे ओढून झोपतात. सासरे मात्र नियमाचा शब्द धरतात आणि आठला थोडी फळे घेतात. दोघांचेही बरोबर आहे. रात्री न जेवण्याचे मूळ अहिंसेत आहे. अंधारात दिसत नाही, दिव्याभोवती जीव जमतात, अन्नात पडतात. हे ज्याने समजून घेतले त्याला उत्तरेकडचा उजेड सवलत वाटत नाही आणि डिसेंबरचा अंधार शिक्षा वाटत नाही.

उन्हाळ्यातील सहली पाण्याच्या काठाच्या असतात, कारण त्या देशात पाण्याखेरीज काठच नाही. सुमारे चौथाई भूमी समुद्रसपाटीखाली आहे. मुलांना पोहण्याची पहिली पदविका मिळते ती अंगावर कपडे आणि पायांत बूट घालून पोहून दाखवल्यावर. कालव्यात माणूस पडतो तो पोहण्याच्या पोशाखात पडत नाही, एवढा साधा विचार त्यामागे आहे. कृष्णेकाठची मागची पिढी पाठीला सुका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून पोहायला शिकली. आताची मुले नदीकडे जातात ती पूल ओलांडताना.

पाण्याचा विषय सांगलीकरापुढे हलकेपणाने काढता येत नाही. १९५३ साली १ फेब्रुवारीच्या रात्री समुद्र बांध फोडून नेदरलँडमध्ये शिरला आणि १,८३६ माणसे गेली. त्यानंतर त्यांनी नदीमुखांवर जे बांधकाम केले ते सर्व जगाला माहीत आहे. त्यापेक्षा सांगलीच्या उपयोगाची गोष्ट पुढची आहे. १९९५ साली नद्या इतक्या चढल्या की सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली. बांध फुटले नाहीत. तरीही त्यांनी बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीला जागा परत द्यायचे ठरवले. नायमेखन शहरासमोर वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे घेतला, त्यासाठी सुमारे ५० घरे पाडली, नदीला दुसरा प्रवाह खणून दिला. आज तेथे बेट आहे, पूल आहेत, लोक सहलीला जातात. पाणी सांभाळणारी मंडळे तेथे तेराव्या शतकापासून आहेत. त्यांची स्वतंत्र निवडणूक होते आणि घरटी स्वतंत्र कर भरावा लागतो. व्यापारी हा कर विम्याच्या हप्त्यासारखा भरतो.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. मारुती चौक, गणपती पेठ पाण्यात, किराणा मालाची पोती फुगून फुटलेली, कापडाचे गठ्ठे चिखलात, आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला बचावाची नावच उलटून माणसे बुडाली. २०२१ साली पुन्हा पूर आला. धरणांतून पाणी कधी सोडावे, अलमट्टीचा फुगवटा किती, हे वाद होतात आणि व्हायलाही हवेत. पण निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत गोदामे कोणी बांधली, ओढ्यांत भराव कोणी टाकले, हा प्रश्न विचारला की उत्तराचा काही भाग पेठेतच सापडतो. नायमेखनची ५० घरेही कोणाच्या तरी मालकीचीच होती. कर्जाला तारण दिलेला माल पुरात गेला की पुराचा विमा काढला होता का, हे तेव्हा पाहिले जाते. अनेक दुकानांत आगीचा विमा असतो, पुराचा नसतो.

आषाढ शुक्ल चतुर्दशीला चातुर्मास बसला की येथे मुनिमहाराजांचा विहार थांबतो. पावसात वाटेवर असंख्य जीव उपजतात, म्हणून पायांनी चालायचे नाही. सातारा-सांगलीच्या गावांत कोणाचा चातुर्मास कोठे, यावर श्रावकांचे चार महिने आखले जातात. नेदरलँडमध्ये पाऊस बारा महिने आहे आणि पायी विहार करणारे मुनी नाहीत. तेथे चातुर्मास उरतो तो पालेभाजीच्या त्यागात आणि इंटरनेटवरच्या प्रवचनांत. साडेतीन तासांच्या फरकामुळे येथील सकाळचे साडेनऊचे प्रवचन तेथे सहाला लागते. सून डबे भरता भरता ऐकते. हे ऐकणे अपुरे आहे, असे काही ज्येष्ठ म्हणतात. खरे आहे. पण सांगलीतील सभामंडपातही शेवटच्या रांगेत किती जण ऐकतात, हेही पाहावे.

पर्युषण आणि दशलक्षण पर्वाच्या दिवसांत मात्र दोन्हीकडचा सूर्य जवळ येतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यानंतर विषुवदिन असतो. त्या सुमारास आम्स्टेलवेनचा दिवसही बारा तासांचा आणि सांगलीचाही. उपवास येथे जेवढा लांब, तेवढाच तेथे. अनंत चतुर्दशी बहुधा याच दिवसांत येते. मंदिराची ओढ लागली तर बेल्जियमला जावे लागते. अँटवर्पजवळ विल्राइक येथे हिरेव्यापारी जैन समाजाने संगमरवरी मंदिर उभारले आहे. ॲमस्टरडॅमहून मोटारीने सुमारे दोन तास. सांगलीहून कुंडलच्या झरी पार्श्वनाथाला किंवा कुंभोजच्या बाहुबलीला जावे तसे लोक जातात. दोन-तीन कुटुंबे मिळून, डबे बांधून, मुलांना मागच्या आसनावर झोपवून. बाहुबलीच्या डोंगरावर २८ फुटी मूर्तीपुढे उभे राहिलेले मूल आणि विल्राइकला गारठलेले हात जोडून उभे राहिलेले मूल एकाच प्रश्नाने आईला भंडावते: आता खाऊ कधी?

क्षमापनेचा दिवस दूरध्वनीचा. येथे एकमेकांच्या दारात जाऊन क्षमा मागतात. तेथून दोन भावांत वाटणीवरून आलेला अबोला एका फोनने सुटल्याचे किंवा फोन न उचलल्याने अधिकच घट्ट झाल्याचे, दोन्ही प्रकार समाजाला ठाऊक आहेत. आठ हजार संदेश एका कळीने पाठवण्यापेक्षा ज्याच्याशी खरोखर बोलणे बंद आहे त्याचा एक क्रमांक फिरवणे अवघड असते.

ऑक्टोबरात लायडन गावी १५७४ सालच्या वेढ्यातून सुटका झाल्याचा उत्सव होतो. त्या दिवशीचा प्रसिद्ध पदार्थ हुत्स्पोट, म्हणजे गाजर, कांदा आणि बटाटा एकत्र घोटलेला. तिन्ही वस्तू जमिनीखालच्या! जैन पाहुण्याने दुरूनच नमस्कार करावा असे अन्न क्वचितच एवढ्या परिपूर्णतेने जमून येते.

दिवाळीला भगवान महावीरांचे निर्वाण. सांगलीत पहाटे मंदिरात निर्वाणलाडू चढतो तेव्हा तेथे मध्यरात्र उलटून दोन-अडीच, किंवा ऑक्टोबरअखेरीस घड्याळे मागे घेण्यापूर्वी दिवाळी आली तर तीन वाजलेले असतात. काही घरांत लहान मुलांनाही उठवून पडद्यावर दर्शन घडवतात. नंतर स्वतःच्या घरी सूर्योदयाला, म्हणजे साडेसात-आठला, पुन्हा लाडू. सायंकाळी वहीपूजन. वही कोठली? संगणकातच हिशेब. तरीही सांगलीहून आणलेली लाल कापडाची एक वही असते. तिच्या पहिल्या पानावर श्री लिहून, कुंकू लावून, घरखर्चाचा पहिला आकडा आजोबांच्या वळणाने मांडतात. नव्या वीर निर्वाण संवताचे आणि येत्या वर्षाच्या घरकर्जाच्या हप्त्याचे आकडे एकाच पानावर येतात.

मग अंधार. ५ डिसेंबरला सिंटरक्लास हा मुलांचा सण येतो. मुले बुटात गाजर ठेवून झोपतात, घोड्यासाठी. सकाळी बुटात मसाल्याच्या छोट्या बिस्किटांचा खाऊ सापडतो. त्या बिस्किटांतली दालचिनी, लवंग, जायफळ हा डच व्यापाराचा जुना वास. १६०२ साली स्थापन झालेल्या त्यांच्या कंपनीची एक वखार कोकणात वेंगुर्ल्याला होती आणि तिचे पडके अवशेष आजही आहेत. बर्फावर घसरत जाण्याचा त्यांचा सर्वांत लाडका खेळ मात्र हरवत चालला आहे. फ्रीसलँडमधील ११ गावांना गोठलेल्या कालव्यांवरून जोडणारी सुमारे २०० किलोमीटरची शर्यत ४ जानेवारी १९९७ला शेवटची झाली. त्यानंतर कालवे पुरेसे गोठलेच नाहीत. दर थंडीत म्हातारे लोक बर्फाची जाडी मोजतात आणि घरी परततात. मृगाची वाट पाहणाऱ्या जत-आटपाडीच्या शेतकऱ्याला त्यांची चाल ओळखीची वाटेल.

जानेवारी सरत आला की सांगली जिल्ह्यात तासगाव, पलूस, मिरज भागांतील द्राक्षबागा तयार होतात. निर्यातीची द्राक्षे शीतपेट्यांतून समुद्रमार्गे रॉटरडॅमला उतरतात. भारतीय द्राक्षांचा सर्वांत मोठा खरेदीदार देश नेदरलँडच आहे, तेथून ती पुढे युरोपभर जातात. फेब्रुवारीच्या एखाद्या शनिवारी आम्स्टेलवेनच्या दुकानात अर्ध्या किलोचा पारदर्शक डबा दिसतो, खाली बारीक अक्षरांत भारत असे लिहिलेले. घरी आणल्यावर सासऱ्यांना फोन जातो. ते डबा उलटा करून दाखवायला सांगतात, किंमत विचारतात, मनातल्या मनात युरोचे रुपये करतात, तासगावात बागेवर काय भाव मिळतो तो सांगतात आणि मधली रक्कम कोणाकोणाची, याचा हिशेब मांडू लागतात. सून घड्याळाकडे पाहते. सूर्यास्त पावणेसहाचा आहे, पाच वाजून गेले आहेत. द्राक्षे फडक्यातून गाळलेल्या पाण्यात धुऊन ताटलीत येतात. हिशेब चालू असतानाच मुले ती संपवतात.